अर्धा स्वर खाली

बाबांच्या वाढदिवसाला भिंगरी येणार नाही, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. संगीत विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाल्यापासून ती या घराकडे फिरकली नव्हती. त्यामुळे आधी धाकटी सून, मग तिचा नवरा पोस्टमास्तर आणि त्यांच्या मागून त्यांची मुलगी भिंगरी दारातून आत आली, तेव्हा थोरल्या सुनेच्या हातातला चहाचा ट्रे क्षणभर तसाच अधांतरी राहिला.

"आली गं माझी राणी!" आत्या खुर्चीतून उठता उठता म्हणाली. तिनं भिंगरीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, केसांचा वास घेतला. भिंगरी खांबासारखी उभी राहिली. तिनं ना मिठी मारली, ना मिठी सोडवून घेतली.

धाकटीनं ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली, पण आधी बरंच वाटलं.

भिंगरी शाळेत जाऊ लागली तेव्हापासून ती शाळेतून थेट आत्याकडे येई. पोस्टमास्तर पोस्टात, धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत. मुलीला कुठे ठेवायचं, या प्रश्नाचं उत्तर घरातच होतं. आत्या पियानो शिकवायची, तिच्या समोरच्या खोलीत दिवसभर पोरांची ये-जा असायची, त्यात आणखी एक. घरात भोवऱ्यासारखी फिरणारी ही पोर पियानोच्या बाकावर मात्र तासन्‌तास बसे. पहिला दात पडला तो आत्याच्या तळहातावर. मैत्रिणीशी भांडण झालं, ते आधी आत्याला कळलं. धाकटी तिला न्यायला यायची तेव्हा मुलगी जेवलेली, अभ्यास झालेली, बोलणं संपलेली असायची. आईच्या वाट्याला काय, तर दिवा मालवणं. इतकी वर्षं धाकटीनं तक्रार केली नाही, कारण करायला तोंडच नव्हतं. फुकट मिळालेल्या मायेबद्दल कुरकुर करणारी सून कुणाला आवडते?

आज मात्र ती आपली मुलगी परत घ्यायला आली होती.

"बस इथं," बाबांनी भिंगरीला आपल्याजवळ बसवलं. "त्या परीक्षकांचे कान तपासायला हवेत. काय गं धाकटे, तुमच्या दुकानात कानांना नंबर काढून देतात का?"

सगळे हसले. या घरात धाकटीला मारायचा टोमणा नेहमी असा विनोदात गुंडाळून यायचा. राग धरावा तर, "बाई, तुला गंमतही कळत नाही!" असं वर ऐकावं लागे.

"फेरपरीक्षेचा अर्ज करता येतो," पोस्टमास्तरांचा थोरला भाऊ म्हणाला. तो वकील होता आणि घरातही खुर्चीच्या काठावर, उठून उभं राहायच्या बेतात बसायचा. "मुलगी दहा जणांत उठून दिसणारी आहे. एका सकाळी घाबरली, एवढंच. मी मसुदा करतो."

"मी घाबरले नव्हते, काका," भिंगरी म्हणाली.

"बरं, नसशील."

"घाबरले असते तर बरं झालं असतं."

आत्या घाईघाईनं मध्ये पडली. "सोडा रे तो विषय. आज बाबांचा दिवस. राणी, जा, बाबांचं आवडतं वाजव. तुझ्या हातचं ऐकल्याशिवाय ते केक कापायचे नाहीत."

आत्याचा आवाजच तसा होता. घाबरट मूल आलं की आधी ती आपलं बोट पियानोच्या पट्टीवर ठेवायची आणि म्हणायची, "बघ, चावत नाही." 'चूक' हा शब्द त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता. पोरानं कसंही बडवलं तरी ती म्हणे, "वा! पुन्हा एकदा." आणि पोर पुन्हा एकदा वाजवायचं, पहिल्यापेक्षा बरं. हे ढोंग नव्हतं. धाकटीनं दारातून कितीदा पाहिलं होतं. मुलांकडे पाहताना त्या बाईच्या तोंडावर जे उजळायचं ते कुणाला उसनं आणता आलं नसतं. म्हणून तर तिचा राग करणं इतकं अवघड होतं.

भिंगरी उठली. पियानोचं झाकण उघडलं. तो सासूबाईंचा पियानो, त्यांच्यामागे आत्याकडे आलेला. मधल्या पांढऱ्या पट्ट्या बोटांनी पिवळ्या पडलेल्या. बाकावर बसण्याऐवजी तिनं झोळीत हात घातला आणि दोन दांड्यांचा, पोलादी, चकचकीत, स्वर जुळवायचा नादकाटा बाहेर काढला.

"हा कसला काटा?" वकील म्हणाला. "केक खायला? घरात आहेत की."

यावर कुणी हसलं नाही, कारण आत्याचं तोंड बदललं होतं. धाकटीनं ते टिपलं. माणसाला समोरची अक्षरं दिसत नाहीत आणि तरी तो अंदाजानं वाचायला लागतो, तेव्हा चेहरा असा होतो.

भिंगरीनं काटा गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा पियानोच्या लाकडावर टेकवला. खोलीभर एक बारीक, स्वच्छ स्वर उभा राहिला. दुसऱ्या हातानं तिनं एक पट्टी दाबली आणि दाबूनच धरली.

ज्यांना संगीताचं ओ की ठो कळत नव्हतं, त्यांनाही ते कळलं. पोस्टमास्तरांनी दात आवळले. थोरलीनं नकळत कानावर हात नेला. काचेवर नखं ओढावीत तसे ते दोन आवाज एकमेकांना खात होते.

"हे दोन्ही एकच असायला हवेत," भिंगरी म्हणाली. "नाव एकच, आवाज दोन. आपला पियानो अर्धा स्वर खाली आहे. सगळाच्या सगळा."

"म्हणजे बिघडलाय," वकील म्हणाला. "जुळवणाऱ्याला बोलवा."

"बिघडलेला नाही, काका. जुळवलेलाच तसा आहे. आपापसात अगदी नीट जुळलेला. म्हणून तर मला कधी कळलं नाही." तिनं पट्टी सोडली. "तिथं त्यांनी एक स्वर वाजवला आणि ओळख म्हणाले. मी ओळखला. हे मला झोपेतही येतं, आत्या, तूच म्हणायचीस ना? त्यांनी दुसरा वाजवला. तोही ओळखला. प्रत्येकाला मी त्याच्या शेजाऱ्याचं नाव देत होते, आणि इतक्या खात्रीनं देत होते की त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. मग वाजवायला बसवलं. मी पट्टी दाबली तर भलताच आवाज. वाटलं, बोट चुकलं. सरकवलं. आता आवाज बरोबर, पण हात सगळा उलटापालटा. शेवटी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. त्या परीक्षक बाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, घरचा पियानो खाली आहे का गं? मी म्हटलं, नाही, माझ्या आत्याचा आहे."

तिनं काटा सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"त्यांनी हा काटा दिला. म्हणाल्या, लावून बघ. म्हणून आज आले." ती आत्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

धाकटीला वाटलं, आत्या नाही म्हणेल. तिनं नाही म्हणावं असंही क्षणभर वाटलं.

"होतं, राणी," आत्या म्हणाली. "तू बाकावर बसायला लागलीस तेव्हाच जुळवणाऱ्यानं सांगितलं होतं. तारा म्हाताऱ्या झाल्यात, वर ओढल्या तर पटापट तुटतील, आतलं लाकूडही सोडेल. म्हणाला, सगळ्या सारख्या खाली उतरवतो, पोरांना शिकवायला काय फरक पडतो? आणि खरंच, बहुतेकांना नाही पडत. वर्ष-दोन वर्षं शिकतात, सोडून जातात."

"नव्या तारा?"

"मी नको म्हटलं," बाबा म्हणाले. ते केककडे बघत होते. "तुझ्या आजीच्या हाताखालच्या तारा होत्या त्या. त्या उपटून फेकायच्या?"

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं, बाबा?" पोस्टमास्तरांनी विचारलं. ते सहसा बोलत नसत. पोस्टात दिवसभर बोलून होतं, असं म्हणायचे.

"मला तार ठाऊक होती. पोरीच्या कानाचं मला काय ठाऊक?"

"हे पाहा," वकील उठून उभा राहिला, "ही तांत्रिक बाब आहे. यात कुणाचा हेतू..."

"रेकॉर्डवर ऐकलं की मला वरचं वाटायचं," भिंगरीनं काकाकडे लक्षच दिलं नाही. "मी तुला विचारलं होतं, आत्या. तू म्हणालीस, आपलं यंत्र जरा जोरात फिरतं. आणि परीक्षेच्या दिवशी तुझा गुडघा दुखत होता, म्हणून तू बरोबर आली नाहीस."

आत्यानं गुडघ्यावर हात ठेवला, जणू तो आत्ताही दुखत होता.

हीच ती घटका, असं धाकटीला वाटलं. इतकी वर्षं विनोदात गुंडाळलेलं सगळं तिनं एकदम उघडं केलं.

"ताई, आमच्या दुकानात पोरं येतात," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "ज्याला लांबचं दिसत नाही ते पोर कधी म्हणत नाही, की मला दिसत नाही. त्याला वाटतं, झाडं अशीच असतात, पानं नसलेली. जगच तसं आहे म्हणून ते गप्प बसतं. सांगायचं मोठ्यांनी असतं. ज्याला माहीत आहे त्यानं. तुम्ही माझ्या मुलीला खोटं जग दिलंत, आणि वर वा वा म्हणत राहिलात."

"धाकटे!" बाबा गरजले.

"बोलू द्या तिला," आत्या म्हणाली. "खरं आहे ते. दरवर्षी म्हणायचे, या वर्षी सांगेन. पण सांगितलं की ती दुसरीकडे जाणार. दुसरा पियानो, दुसऱ्या बाई. संध्याकाळी ती त्या दारातून आत यायची ना, तेव्हा... हिला कुठे जायचं असेल, असं मला कधी वाटलंच नाही. वाटलं, इथेच वाजवेल."

आता थोरली पुढे झाली. ट्रे तिनं कधीच खाली ठेवला होता. "अगं, इतकं काय आभाळ कोसळलं? ताईंनी पोरीसाठी जन्म काढला. एका परीक्षेपायी सगळ्यावर बोळा फिरवायचा? आणि त्या चांगल्या शिकवत नसत्या, तर आमची मुलगी..."

ती थांबली. पण बाण सुटला होता.

"काकू," भिंगरी अगदी हळू म्हणाली, "माझी ताई, तुमची मुलगी, इथून का गेली?"

थोरलीची मुलगीही याच बाकावर बसायची. मग अचानक, वर्षाच्या मध्येच, ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शिक्षकांकडे जायला लागली. इथे यायला लांब पडतं, असं कारण सांगितलं होतं. ते घर इथल्यापेक्षा लांब होतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी कुणी उच्चारलं नाही. ती आता त्याच संगीत विद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. आजही तिथेच, रंगीत तालमीला.

"मला तर तू सांगितलंस, तिला आत्याचा कंटाळा आलाय," वकील बायकोकडे वळला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात वकिली नव्हती.

"जुळवणारा आला त्या दिवशी मी इथे चहा करत होते," थोरली म्हणाली. मग तिनं मान वर केली. "हो, ऐकलं मी. आणि माझ्या मुलीचं पाहिलं. कोण पाहत नाही?"

"मला का नाही सांगितलंत, वहिनी?" धाकटीनं विचारलं.

"तुला? तुला सांगितलं असतं तर तू गावभर ढोल पिटला असतास. तू वाटच पाहत होतीस, ताईंचं कधी काही सापडतंय. आणि मग सगळ्यांनी मला धरलं असतं, की घर फोडलं म्हणून. झाकली मूठ बरी, असं वाटलं. आणि खरं सांगू? आमची मुलगी गेली तेव्हा तूच खूश झाली होतीस. म्हणाली होतीस, बरं झालं, आता ताईंचं सगळं लक्ष भिंगरीवर."

धाकटी म्हणाली होती खरी. याच खोलीत, याच खिडकीशी उभी राहून. तेव्हा थोरलीनं हसून मान डोलावली होती.

"बस झालं," पोस्टमास्तर म्हणाले. "चल भिंगरे. अगं, तूही चल. घरी जाऊ."

धाकटीनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. या क्षणाची तिनं किती वाट पाहिली होती. "चल राणी," ती म्हणाली. आत्याचा शब्द तोंडात कसा आला, तिचं तिला कळलं नाही.

भिंगरीनं खांदा काढून घेतला.

"मी तुलाही सांगितलं होतं, आई."

"मला? काय?"

"दुसरीत असताना. शाळेतल्या पियानोवर प्रार्थना झाली आणि मी रडत घरी आले. म्हटलं, शाळेचा पियानो चुकीचं वाजवतो, सगळं वर वर जातं. तू भाजी चिरत होतीस. म्हणालीस, शाळेच्या वस्तू अशाच असतात, खिळखिळ्या. आणि हसलीस."

धाकटीला आठवलं नाही. मग आठवलं. रडणारं तोंड नाही, फक्त आपलं हसू आठवलं. दुकानात एखाद्या आईनं सांगितलं की "पोर म्हणतं, शाळेचा फळाच पुसट आहे," तर ती दुसरं वाक्य ऐकायच्या आत भिंग हातात घ्यायची.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

मग आत्या उठली आणि सवयीनं जाऊन तिनं दार उघडलं. दारात एक लहानगी मुलगी, हातात वही छातीशी धरलेली. मागे तिचे वडील, बसच्या कंडक्टरचा गणवेश अंगावर, टोपी हातात.

"अरे देवा," आत्या म्हणाली. "आज सुट्टी सांगायची राहिलीच."

"पाहुणे आहेत का? मग जातो आम्ही," कंडक्टर लगबगीनं म्हणाला. पण पोरीचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला पाहणं आत्याला कधी जमलं नव्हतं.

"नाही नाही. आलीस ना? मग ये. आम्ही सगळे केक खायला आत जातोय. तू वाजव."

बाबा काठी टेकत आतल्या खोलीत गेले. वकील आणि थोरली त्यांच्या मागून, एकमेकांकडे न बघता. पोस्टमास्तर बाहेर जाऊन फाटकाशी उभे राहिले. मुलगी बाकावर चढली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

भिंगरीनं आईचा हात धरला. स्वतःहून, कितीतरी वर्षांनी. तिची बोटं गार होती.

"आई, तू सांग त्यांना," ती कुजबुजली. "त्या पोरीच्या बाबांना. दुसरं कुणी सांगणार नाही. आजोबा नाही, काकू नाही. तू सांग. तूच म्हणालीस ना, ज्याला माहीत आहे त्यानं सांगायचं."

"सांगते," धाकटी म्हणाली. आणि तिला सांगायचंच होतं. या एका वाक्यानं मुलगी परत मिळत होती, इतक्या स्वस्तात.

कंडक्टर बाहेर पायरीवर बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. आतून पोरीनं वाजवायला सुरुवात केली होती. साधंच काहीतरी, अडखळत, पण थांबत नव्हती. तो मान हलवत ऐकत होता.

"तुम्ही बाईंच्या घरच्या?" धाकटीला पाहून तो उठून उभा राहिला.

"धाकटी सून. मला तुम्हाला एक..."

"बाईंचे उपकार आहेत हो," तो म्हणाला. बोलायला कुणीतरी मिळालं याचा आनंद त्याला आवरत नव्हता. "हिची आई गेली ना, तेव्हापासून ही बोलायचीच बंद झाली. शाळेत नाही, घरी नाही. डॉक्टर झाले, सगळं झालं. इथं आणली तर बाईंनी बोलायला लावलंच नाही. नुसतं म्हणाल्या, पट्टी दाब, चावत नाही. परवा बसमध्ये माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, बाबा, हॉर्न कुठल्या स्वरात वाजतो सांगू?" तो हसला. हसताना त्यानं डोळे पुसले. "आणि सांगितला की हो! पुढे हिला मोठ्या विद्यालयात घालायचं, असं म्हणतो मी. तुम्हाला काय वाटतं? कशी वाजवते?"

दारामागे भिंगरी उभी होती. धाकटीला ती दिसत नव्हती, पण पाठीला कळत होतं.

आतला सूर थांबला. पोर कुठेतरी अडली असावी. खोलीत क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. कंडक्टर श्वास रोखून दाराकडे बघत राहिला.

"छान," धाकटी म्हणाली. "छान वाजवते."

त्याचं तोंड उजळलं. ते उजळणं धाकटीनं समोरासमोर पाहिलं. आत्या रोज हेच पाहत असणार.

ती वळली तेव्हा भिंगरी उंबऱ्यात होती, झोळी खांद्याला, चप्पल पायात. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर त्याला काही उत्तर देता आलं असतं.

"मी स्टॉपवर थांबते," भिंगरी म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. ती आईच्या बाजूनं, आईला न शिवता, पायऱ्या उतरली आणि फाटकाशी उभ्या असलेल्या बापाला ओलांडून गेली.

आतून आत्याचा आवाज आला, उबदार, जरासा थकलेला.

"वा! पुन्हा एकदा."